दुसऱ्याचा धूर, आपला रक्तदाब

२ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास देशभर मनाई केली. याचिका मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांची होती. रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये, बस, रेल्वे अशी ठिकाणे आदेशात होती. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, घाटी रुग्णालय, विद्यापीठ, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि मध्यवर्ती बसस्थानक अशी एक फेरी मारली, तरी ही यादी जवळजवळ पुरी होते.

न्यायालयाने घटनेच्या २१व्या कलमाचा आधार घेतला. जो स्वतः विडी-सिगारेट ओढत नाही, त्याने केवळ सार्वजनिक ठिकाणी जावे लागते म्हणून कर्करोग किंवा हृदयविकार का ओढवून घ्यावा, असा त्याचा आशय होता.

या प्रश्नामागे वीस वर्षांचे संशोधन होते. १९८१ साली जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे पती जास्त सिगारेट ओढत, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळले. या निष्कर्षावर टीका झाली; पण पुढे इतर देशांतील अभ्यासांनीही त्याला दुजोरा दिला.

रक्तदाबाचा प्रश्न मात्र मागे राहिला. असे का व्हावे? कर्करोगाने झालेला मृत्यू नोंदवहीत सापडतो. रक्तदाब दिवसभर बदलत राहतो. रिवा-रोची यांचा दंडपट्टा (१८९६) आणि कोरोत्कोव्ह यांची स्टेथोस्कोपने ऐकण्याची पद्धत (१९०५) यांमुळे मोजमाप सोपे झाले, पण ते दवाखान्यात. धूर असतो घरी! दवाखान्यात नेहमीसारखा वाटणारा रक्तदाब घरी वाढलेला असू शकतो. शिवाय आपण किती धूर घेतला, हे आठवून सांगणेही अवघड. घरी वापरायची रक्तदाबमापक यंत्रे आली आणि निकोटिनपासून शरीरात तयार होणारे कोटिनीन मोजता येऊ लागले, तेव्हा या अडचणी कमी झाल्या.

धूर रक्तदाब कसा वाढवतो? निकोटिनमुळे ॲड्रिनलीनसारखी द्रव्ये स्रवतात, हृदय जलद चालते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. धुरातील इतर घटक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिन्या सैल ठेवते. ते काम मंदावते. अनेक पाहण्यांत अशा घरांतील प्रौढांचा रक्तदाब थोडा अधिक आढळला आहे. मात्र तेथील आहार, वजन, उत्पन्नही वेगळे असू शकते. म्हणून केवळ पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

२००३ साली कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे सुधारित नियम लागू झाले. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात घरी दुसऱ्याचा धूर घेणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मधील ५२.३ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये ३८.७ टक्क्यांवर आले. सार्वजनिक ठिकाणी ते तेव्हा २५.७ टक्के होते. म्हणजे कायदा जेथे पोचत नाही तेथेच धूर अधिक आहे. घरात कोणाला, कोणत्या शब्दांत, हे सांगायचे? हा प्रश्न वर्गात जरूर चर्चेला घ्यावा.