अहवालावरची तारीख

भारतातल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या सरकारी आखणीची सुरुवात ‘भाभा समितीच्या अहवाला’पासून सांगितली जाते. ते खरेच आहे. पण नजर अडते ती तारखेवर. अहवाल फेब्रुवारी 1966 चा. समितीचे अध्यक्ष होमी भाभा त्याआधीच, 24 जानेवारीला, गेले होते. एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान मों ब्लाँवर कोसळून 117 जण मृत्युमुखी पडले, त्यांत तेही होते.

मग या अहवालात भाभांचे किती?

विमानात मसुदा असेल, अशी कल्पना करण्याचा मोह होतो. ऑगस्ट 2012 मध्ये तिथल्या बर्फातून राजनैतिक टपालाची एक पिशवी निघालीदेखील. आत होती वृत्तपत्रे. कल्पनेला पुरावा नाही, ती इथेच सोडावी.

नेमणुकीची तारीख अधिक उपयोगी पडते. समिती नेमली गेली ऑगस्ट 1963 मध्ये. चीनशी झालेल्या युद्धाला तेव्हा वर्षही उलटले नव्हते. इतर सदस्य तिघे: विक्रम साराभाई, संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार एस. भगवंतम् आणि ट्रॉम्बेच्या अणुशक्ती केंद्रातले ए. एस. राव. म्हणजे कामाचा जवळजवळ सगळा काळ भाभांच्या हयातीतला. दहा वर्षांत स्वावलंबन हे अहवालाचे सूत्र त्यांचेच, असे मानायला हरकत नाही. शेवटचा हात कोणाचा, हा मात्र तर्काचा भाग.

सूत्रामागे अनुभवही होता. भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये सुरू झालेल्या संगणकाला नेहरूंनी 1962 मध्ये ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. सुमारे 2,700 व्हॉल्व्ह, आणि स्मृती 2,048 शब्दांची, प्रत्येक शब्द 40 बिटांचा. हे यंत्र देशातच उभारलेले होते.

पुढचा दुवा पक्का आहे. एप्रिल 1967 मध्ये हैदराबादला ‘ईसीआयएल’ ही सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी स्थापन झाली आणि तिची धुरा राव यांच्याकडे आली. समितीतला माणूसच कारखान्यात उतरला.

त्यानंतर दिल्लीच्या दफ्तरात इलेक्ट्रॉनिक्सचे स्वतंत्र खाते दिसायला 26 जून 1970 उजाडावे लागते. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक्स परिषद भरली होती. परिषद आणि खाते यांत अवघे तीन महिने. कार्यकारण सिद्ध करायला एवढी जवळीक पुरत नाही, संशयाला मात्र पुरते. फेब्रुवारी 1971 मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग आला. अध्यक्ष एम. जी. के. मेनन, म्हणजे भाभांनंतर कुलाब्यातल्या टाटा संस्थेचे संचालक झालेले गृहस्थ. सूत्रे पुन्हा कुलाब्याकडेच.

1973 मध्ये मुंबईत अंधेरीला ‘सीप्झ’ हे निर्यात क्षेत्र सुरू झाले, तेही इलेक्ट्रॉनिक्ससाठीच. कित्येकदा तेही याच अहवालाचे फळ मानले जाते. पण सीप्झचा माल निर्यातीचा, आणि अहवालाचा भर देशाची गरज देशात भागवण्यावर. ते श्रेय भाभा समितीच्या नावे मांडता येत नाही.