इंग्लंडमधील दगडी शेतघर : रचनेची मीमांसा

प्रस्तुत विवेचनात 'दगडी शेतघर' ही संज्ञा तीन लक्षणांनी युक्त अशा निवासाला लावली आहे : त्यात राहणारे कुटुंब स्वतः शेती करते, छपराचा भार दगडी भिंती वाहतात, आणि बांधणी स्थानिक गवंड्यांच्या परंपरेतून झालेली असते. पहिल्या लक्षणाने सरदारांचे वाडे, दुसऱ्याने लाकडी सांगाड्याची घरे व तिसऱ्याने वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून उभारलेली घरे वगळली जातात.

या रचनेची नियामक कारणे तीन : भूस्तर, अग्नी आणि वृत्ती, म्हणजे उपजीविका. भूस्तराने घराचे कवच ठरते, अग्नीने अंतर्विभाग, आणि वृत्तीने मनुष्य व पशू यांच्यातील अंतर.

१. भूस्तर. दगडाची वाहतूक खर्चिक असल्याने तो जवळच्या खाणीतूनच घेतला जाई. त्यामुळे दगडाच्या गुणांवरून तीन प्रकार संभवतात. (अ) कॉट्सवोल्डचा चुनखडक खाणीतून काढताना मऊ असतो व हवेत कठीण होतो. म्हणून तेथे खिडक्यांचे दगडी उभे दांडे व पावसाचे पाणी बाजूला टाकणाऱ्या त्यांवरील कोरीव कडा घडवणे शक्य झाले. (आ) पेनाइन डोंगरांतील वालुकाश्म भरड असतो; त्याचे मोठे ठोकळे निघतात, पण नाजूक घडाई होत नाही. (इ) लेक डिस्ट्रिक्टचा स्लेट थरांत फुटतो, परंतु छिन्नीला दाद देत नाही. म्हणून भिंत अनघड दगडांची राहते व पुष्कळदा चुन्याने झाकली जाते.

हाच भेद छपरातही दिसतो. कॉट्सवोल्डच्या लहान, सच्छिद्र फरश्यांवरून पाणी त्वरित निघून जावे लागते. म्हणून पाख्यांचा उतार सुमारे ५० अंश. पेनाइनमधील फरश्या मोठ्या व जड; सांधे कमी आणि घसरण्याचा धोका अधिक, म्हणून उतार सुमारे ३० अंश.

२. अग्नी. कवच सिद्ध झाल्यावर अंतर्भागाचा विचार प्राप्त होतो. त्याच्या अवस्था तीन. प्रथमावस्थेत चूल मुख्य दालनाच्या जमिनीवर उघडी असते व धूर छपरातून निघतो. त्यामुळे वर मजला अशक्य. द्वितीयावस्थेत धूर एका बाजूस लाकडी व मातीच्या आच्छादनाखाली कोंडला जातो. तृतीयावस्थेत दगडी धुरांडे येते. दालन धुरापासून मुक्त होऊन त्यावर मजला चढतो, आणि वर निजण्याच्या खोल्या निघतात. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये हे परिवर्तन घडवणाऱ्या ग्रामीण इंग्लंडच्या पुनर्बांधणीचा काळ १५७० ते १६४० असा मांडला. उत्तरेकडे हे परिवर्तन उशिरा पोहोचले, असे पुढील संशोधनातून दिसले.

३. वृत्ती. पशुपालनामुळे गोठ्याचे स्थान हा तिसरा प्रश्न उद्भवतो. त्याचेही तीन क्रम आहेत. डार्टमूरच्या लांब घरात माणसे व गुरे एकाच दाराने येत. मध्ये आडवा बोळ, वरच्या बाजूस कुटुंब व उताराच्या बाजूस गुरे, जेणेकरून मलमूत्र खाली वाहून जाई. यॉर्कशरच्या काही घरांत छप्पर एकच, परंतु घर आणि कोठार यांची दारे वेगळी. तिसऱ्या क्रमात गोठा व कोठार स्वतंत्र इमारतींत असतात.

लेक डिस्ट्रिक्टमधील ट्राउटबेक येथील 'टाउनएंड' हे घर उदाहरणार्थ घेता येईल. सतराव्या शतकातील या घरात ब्राउन हे शेतकरी कुटुंब १९४३ पर्यंत राहिले. भिंती चुन्याने झाकलेल्या, धुरांडी गोल : चांगले कोपरे न देणाऱ्या दगडाला गोल आकार सोयीचा, हे (इ) प्रकाराशी सुसंगत आहे. कोठार रस्त्यापलीकडे स्वतंत्र आहे, म्हणजे वृत्तीचा तिसरा क्रम.

यावरून परीक्षणाचा क्रम निष्पन्न होतो. दगडावरून स्थळ, चुलीवरून काळ व दारांवरून वृत्ती यांचे अनुमान करावे. दारावर कोरलेले वर्ष मात्र दुय्यम प्रमाण होय. ते बांधणीचे असेल, दुरुस्तीचे असेल वा विवाहाचे, आणि कोरलेला दगड दुसऱ्या घरातूनही आणलेला असू शकतो. धुरांडे असे सहजी हलवता येत नाही. म्हणून परीक्षकाने आधी चुलीकडे जावे.