रूपकुंडचे सांगाडे : उत्तर मिळालं होतं, पण ते टिकलं नाही

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूल आणि नंदाघुंटी या शिखरांच्या कुशीत, सुमारे ५०२९ मीटर उंचीवर रूपकुंड नावाचं एक तळं आहे. तळं म्हणजे मोठं डबकंच म्हणायचं, कारण त्याची रुंदी जेमतेम ४० मीटर आहे. वर्षातले बहुतेक महिने ते गोठलेलं असतं. बर्फ वितळला की काठावर आणि उथळ पाण्यात माणसांची हाडं दिसू लागतात. एकदोन नव्हे, काहीशे माणसांची. आसपास वस्ती नाही आणि कोणताही मोठा व्यापारी मार्ग इथून जात नव्हता. मग इतकी माणसं इथे आली कशी आणि मेली कशी?

१९४२ साली वनखात्याचे रेंजर हरिकिशन मधवाल यांना हे सांगाडे दिसले आणि बाहेरच्या जगाला त्यांची माहिती झाली. दुसरं महायुद्ध सुरू होतं. भारतात घुसू पाहणारे जपानी सैनिक वाटेत मेले की काय, अशी शंका तेव्हा घेतली गेली. पण हाडं त्याहून खूप जुनी निघाली. पुढे तिबेट मोहिमेवर गेलेल्या जोरावरसिंहाच्या १८४१ मधल्या सैन्याचं नाव पुढे आलं. तेही टिकलं नाही, कारण सांगाड्यांत स्त्रियाही होत्या. साथीचा रोग, सामूहिक आत्महत्या असेही तर्क होऊन गेले.

गढवालच्या गावांना मात्र कधी कोडं पडलंच नव्हतं. तिथल्या लोकगीतांत कनौजचा राजा जसधवल येतो. तो गरोदर राणी, नोकरचाकर आणि नर्तकींचा ताफा घेऊन नंदादेवीच्या यात्रेला निघाला. पवित्र डोंगरावर नाचगाणं केल्यामुळे देवी कोपली आणि तिने आकाशातून लोखंडासारख्या गारा पाडून सगळ्यांना मारलं, अशी ही कथा. वाटेवरचं ‘पातर नचौणी’ हे ठिकाण त्या नर्तकींच्या नावाने आजही ओळखलं जातं. साधारण बारा वर्षांनी निघणारी नंदादेवी राजजात यात्रा याच बाजूने जाते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

२००४ मध्ये शास्त्रज्ञांचं एक पथक तळ्यावर गेलं. त्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे मानवशास्त्रज्ञ होते, तर डीएनएची तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत झाली. काही कवट्यांना वरच्या बाजूने, गोल वस्तूचा मार बसल्यासारख्या भेगा होत्या. तलवारीच्या किंवा दरड कोसळल्याच्या जखमा अशा नसतात. हाडांचा काळ इसवी सन ८५० च्या आसपासचा निघाला. निष्कर्ष असा की, यात्रेकरूंचा मोठा जथा उघड्यावर सापडला आणि क्रिकेटच्या चेंडूएवढ्या गारांनी त्यांचा जीव घेतला. लोकगीत खरं ठरलं म्हणून सगळ्यांनाच हा खुलासा आवडला.

महाराष्ट्रात त्याची आणखी एका कारणाने चर्चा झाली. काही नमुन्यांमधला डीएनए कोकणस्थ ब्राह्मणांशी जुळतो, असं तेव्हा सांगितलं गेलं. एका कुटुंबातली उंच माणसं आणि त्यांचं सामान वाहणारे स्थानिक हमाल, असं चित्र त्यावरून रंगवलं गेलं. आधार होता तो मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा. हा डीएनए फक्त आईकडून येतो आणि एकूण वंशावळीचा अगदी छोटा भाग सांगतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात नवा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि सगळं चित्र विस्कटलं. या वेळी ३८ जणांच्या संपूर्ण जनुकसंचाचा विचार झाला होता. त्यांपैकी २३ जण भारतीय उपखंडातले होते, पण एका जातीचे किंवा एका प्रांतातले नव्हते. शिवाय ३८ जणांत कोणीही कोणाचं जवळचं नातेवाईक निघालं नाही. एका कुटुंबाची कल्पना इथेच कोलमडली. या २३ जणांचा काळ साधारण सातव्या ते दहाव्या शतकातला आहे आणि सगळे एकाच दिवशी मेले असंही दिसत नाही.

खरा धक्का पुढे होता. १४ जणांचा वंश पूर्व भूमध्य समुद्राच्या भागातला निघाला. आजच्या लोकांमध्ये त्यांना सर्वांत जवळचे म्हणजे ग्रीस आणि क्रीट बेटावरचे रहिवासी. उरलेला एक जण आग्नेय आशियाई वंशाचा. आणि हे पंधरा जण मेले ते इसवी सन १८०० च्या आसपास, म्हणजे पहिल्या गटानंतर सुमारे हजार वर्षांनी!

सिकंदराबरोबर आलेल्या ग्रीकांचे हे वंशज असावेत, असा विचार लगेच मनात येतो. पण दोन हजार वर्षं इथे राहिलेल्या लोकांच्या डीएनएत स्थानिक मिश्रण दिसलं असतं. या चौदा जणांत ते नाही. हाडांच्या रासायनिक तपासणीतून त्यांचा आहारही कळला. तो गहू, जव, तांदूळ यांसारख्या धान्यांच्या गटातला होता, बाजरीसारख्या भरडधान्यांचा अंश फारसा नव्हता. म्हणजे ही माणसं बहुधा भारतात वाढलेलीच नव्हती. ती इथे कशासाठी आली होती, याची कुठलीही नोंद सापडलेली नाही.

जुन्या गटासाठी यात्रेचा खुलासा अजूनही सर्वांत पटण्याजोगा आहे. त्या भागातल्या मंदिरांमधले आठव्या ते दहाव्या शतकातले शिलालेख त्याला दुजोरा देतात. गारपिटीत काही जण गेले असतील, पण तशा जखमा मोजक्याच हाडांवर आहेत. रोगाचे जंतू शोधूनही सापडले नाहीत.

पुढचा शोध अवघड आहे, कारण कोणतं हाड कुठे पडलं होतं, हेच आता कळत नाही. दरडींनी आणि बर्फाने हाडं हलवली, उरलेलं काम गिर्यारोहकांनी केलं. कोणी फोटोसाठी कवट्या रचून ठेवल्या, कोणी आठवण म्हणून घरी नेल्या. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे हिमालयातल्या उंच कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातल्यापासून तिकडची वर्दळ कमी झाली. तळ्याच्या गाळात हात न लागलेले सांगाडे अजून असण्याची शक्यता आहे.