नागपुरात पहिल्यांदाच येताय? धंतोलीपासून इतवारीपर्यंत, कोणता भाग कशासाठी

नागपुरात बाहेरून येणाऱ्यांमध्ये निव्वळ फिरायला आलेल्यांपेक्षा कामाने आलेले लोक जास्त दिसतात. कुणाचा पेशंट असतो, कुणाची हायकोर्टात तारीख असते, कुणी डिसेंबरात अधिवेशनावर मोर्चा घेऊन येतं, तर कुणी दसऱ्याला दीक्षाभूमीवर. त्यामुळे "नागपुरात चांगला एरिया कोणता?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी काम ठरतं, मग मुक्कामाचा भाग. तो चुकला तर शहर लहान असूनही दिवस ऑटोत जातो, आणि पेशंट सोबत असेल तर ही चूक महागात पडते.

आधी नकाशा: रुळांच्या अलीकडे आणि पलीकडे

नागपूर समजून घ्यायची सोपी खूण म्हणजे शहराच्या मधून उत्तर-दक्षिण गेलेली रेल्वेलाईन. पूर्वेला जुनं शहर आहे: महाल, इतवारी, गांधीबाग. पश्चिमेला सीताबर्डी, सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, रामदासपेठ आणि धंतोली.

ही विभागणी इतिहासातून आली. गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास शहर वसवलं. पुढे भोसल्यांनी इथे राजधानी केली आणि महालाभोवती वस्ती वाढली. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचा पराभव झाला आणि इंग्रजांचा जम बसला. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, १८६७ मध्ये रेल्वे आली. साहेबांचे बंगले, कचेऱ्या आणि नंतर नोकरदारांच्या वस्त्या टेकडीच्या पश्चिमेला पसरल्या.

पत्ता विचारताना काही शब्द माहीत असले की काम सोपं होतं. सीताबर्डीला लोक नुसतं 'बर्डी' म्हणतात. 'मेडिकल' म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि 'मेयो' म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं. रिक्षाला इथे 'ऑटो' म्हणतात. रस्त्याच्या नावापेक्षा चौकाचं नाव सांगितलेलं लवकर कळतं.

धंतोली: दवाखान्यांची वस्ती

उत्तरेला यशवंत स्टेडियम आणि सीताबर्डी, पश्चिमेला वर्धा रोड, दक्षिणेला काँग्रेसनगर, पूर्वेला रेल्वेलाईन. या चौकटीत धंतोली बसते. महापालिकेचा 'धंतोली झोन' याहून बराच मोठा आहे. त्यामुळे सरकारी कागदावर धंतोली लिहिलेलं असलं तरी ते ठिकाण या वस्तीतलंच असेल असं नाही.

मुळात ही झाडांची आणि बंगल्यांची शांत वस्ती. रामकृष्ण मठ इथे १९२८ पासून आहे. विवेकानंदांचं साहित्य मराठीत पोहोचवण्याचं मोठं काम इथून झालं आणि 'जीवन विकास' मासिकही इथूनच निघतं. पण गेल्या काही दशकांत बंगल्यांच्या जागी खाजगी दवाखाने, लॅब आणि औषधांची दुकानं आली. आज विदर्भातल्या जिल्ह्यांसोबत मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, सिवनी, बालाघाटकडचे, छत्तीसगडचे आणि तेलंगणातल्या आदिलाबादकडचे पेशंटही इथे येतात.

दवाखाने एकमेकांना लागून असल्याने तपासणी, रिपोर्ट आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत पायी फिरून घेता येतं. अडचणही त्याच दाटीची आहे. गल्ल्या घरांसाठी आखलेल्या, गर्दी मात्र दवाखान्यांची. पार्किंगचा प्रश्न रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेला. म्हणून स्वतःची गाडी आणणाऱ्यांनी पेशंटला दारात उतरवावं आणि गाडी लांब लावावी. कुणाच्या फाटकासमोर लावलेली गाडी एखाद्या ॲम्ब्युलन्सची वाटही अडवू शकते.

मेट्रोने यायचं तर उत्तर बाजूला सीताबर्डी आणि दक्षिण बाजूला काँग्रेसनगर ही स्टेशनं जवळ आहेत. नागपूर रेल्वे स्टेशनवरून ॲक्वा लाईन पकडली की कॉटन मार्केटनंतरचं स्टेशन सीताबर्डी. विमानतळाकडून ऑरेंज लाईनने आलं तर काँग्रेसनगर आधी लागतं.

पेशंट घेऊन येणाऱ्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

- ऑटोवाल्याला 'मोठ्या दवाखान्यात' असं सांगू नये. दवाखान्याचं पूर्ण नाव आणि जवळचा चौक सांगावा. 'मेडिकल' आणि 'मेयो' दोन्ही रुळांच्या पूर्वेला आहेत आणि एकमेकांपासूनही लांब आहेत. एम्स तर शहराबाहेर मिहानमध्ये आहे.
- स्टेशनवर किंवा स्टँडवर कुणी "तिथे नको, दुसरीकडे चला" म्हणालं, तर चिठ्ठीवर लिहिलेलं ठिकाण सोडू नये.
- सरकारी आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवावं. दाखल होण्याआधीच दवाखाना योजनेत आहे का हे विचारावं. योजनेतल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' असतो, त्याला आधी गाठावं.

महाल आणि इतवारी: जुनं नागपूर

महालात भोसल्यांचे वाडे, जुनी मंदिरं आणि अरुंद बोळ आहेत. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५ मध्ये इथेच झाली आणि मुख्यालयही इथेच आहे. इतवारी ही व्यापाऱ्यांची: सराफा, धान्य, किराणा, भांडी. शेजारच्या गांधीबागेत कापडाचा ठोक बाजार. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही नावं आठवड्याच्या वारांवरून आली आहेत.

लग्नाची खरेदी असेल तर इकडे यावं, पण गाडी आणू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत याच भागातून निघते. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत हजारो लोक रस्त्यावर असतात. त्या दिवशी पेशंट किंवा सामान घेऊन या बाजूने जाणं टाळावं.

सीताबर्डी: सगळे रस्ते जिथे मिळतात

मेट्रोच्या दोन्ही लाईन इथे मिळतात, शहराचा सगळ्यात गजबजलेला बाजारही हाच. व्हेरायटी चौक, मुंजे चौक, झांशी राणी चौक ही नावं पाठ करावीत. टेकडीवरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. तो २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच लोकांसाठी उघडतो.

हिवाळी अधिवेशनात मोर्चे आणि धरणी यशवंत स्टेडियम ते सीताबर्डी या पट्ट्यात येतात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा जीव गेला. इथल्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव दिलं आहे. अधिवेशनाच्या काळात धंतोलीतल्या दवाखान्यात वेळ घेतली असेल तर निघायच्या आधी रस्ते बंद आहेत का ते पाहावं.

सिव्हिल लाइन्स आणि सदर: सरकारी कामाचा भाग

विधानभवन, राजभवन, हायकोर्ट आणि बरीच सरकारी कार्यालयं इथे आहेत. कोर्टाची तारीख असेल तर मुक्काम सदर किंवा सीताबर्डीत सोयीचा. मोकळा वेळ असेल तर झिरो माईलचा दगडी खांब आणि १८६३ मधला 'अजब बंगला' म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय पाहून होतं. सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे मिळतात. तर्री म्हणजे हरभऱ्याचा झणझणीत रस्सा. सवय नसेल तर आधी थोडी मागावी.

धरमपेठ आणि रामदासपेठ: राहायला सोपं

धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर या भागात खाण्याची ठिकाणं भरपूर आहेत आणि ॲक्वा लाईनही जवळ आहे. रामदासपेठ वर्धा रोडच्या पलीकडे, धंतोलीसमोरच आहे. तिथेही दवाखाने बरेच आहेत.

पावसाळ्यात मात्र एक काळजी घ्यावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि पश्चिम नागपुरातल्या अनेक घरांत झोपेतच पाणी शिरलं. नदीकाठच्या हॉटेलात तळमजल्यावरची खोली किंवा तळघरातलं पार्किंग घेताना हे आठवावं.

दीक्षाभूमी, इंदोरा, कामठी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जिथे बौद्ध धम्माचा स्वीकार केला ती दीक्षाभूमी धंतोलीपासून ऑटोने जवळ आहे. शांतपणे पाहायची असेल तर साधा दिवस निवडावा. दसऱ्याला लाखोंची गर्दी असते, वाहतूक वळवलेली असते आणि आजूबाजूच्या खोल्या आधीच भरतात.

उत्तर नागपुरातलं इंदोरा बुद्ध विहार जपानमध्ये जन्मलेले आणि नागपूरला कर्मभूमी मानणारे भदंत सुरई ससाई यांच्यामुळे ओळखलं जातं. पुढे कामठीत ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर आहे. जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने ते १९९९ मध्ये उभं राहिलं. इंदोऱ्याला ऑरेंज लाईनचं स्टेशन आहे, कामठीला जायला अर्धा दिवस ठेवावा.

थोडक्यात: कामानुसार मुक्काम

- धंतोली-रामदासपेठेतला खाजगी दवाखाना: धंतोली, काँग्रेसनगर किंवा सीताबर्डी.
- मेडिकल: मेडिकल चौक परिसर किंवा अजनी. धंतोलीत राहिलं तर रोज रेल्वेलाईन ओलांडावी लागते.
- मेयो किंवा इतवारीतली खरेदी: रेल्वे स्टेशनच्या पूर्वेचा भाग.
- हायकोर्ट, विधानभवन: सदर किंवा सीताबर्डी.
- दीक्षाभूमी: रामदासपेठ किंवा लक्ष्मीनगर.
- एम्स आणि मिहान: वर्धा रोडचा दक्षिण भाग.

दवाखान्यात दोन-तीन तास थांबायचं असेल आणि सोबत मूल असेल, तर रुळांपलीकडे गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत बाहेरची कामं सकाळी अकराच्या आत उरकावीत, दुपारी पेशंटला ऑटोतून फिरवू नये.