कार्यप्रणालीचा आवृत्तीबदल (घरगुती संगणक)

कार्यप्रणालीचा आवृत्तीबदल (प्रचलित शब्द: अपग्रेड) म्हणजे संगणकावरील कार्यप्रणालीच्या जुन्या आवृत्तीच्या जागी तिची पुढील आवृत्ती बसवणे होय. संस्था व कार्यालये यांच्यासाठी हा निर्णय त्यांचा तांत्रिक विभाग घेतो. घरगुती संगणकाच्या बाबतीत तो वापरकर्त्याला स्वतःच घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्यामुळे हा प्रश्न जगभरातील घरगुती वापरकर्त्यांसमोर आला.

या निर्णयात दोन वेगळ्या प्रश्नांची अनेकदा गल्लत होते: संगणक चालतो का, आणि तो सुरक्षित आहे का? साहाय्य संपलेली कार्यप्रणाली दुसऱ्या दिवशीही पूर्वीसारखीच सुरू होते. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर दुसऱ्यालाही लागू आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात साहाय्याची मुदत, यंत्रसामग्रीची पात्रता, आवश्यक प्रोग्रॅम व उपकरणे यांची सुसंगतता आणि माहितीची सुरक्षित प्रत या चार बाबींचा एकत्रित विचार करावा लागतो.

संज्ञा

‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी त्यांत भेद आहे. अपडेट म्हणजे असलेल्या आवृत्तीतच केलेली दुरुस्ती. विंडोजसाठी अशा सुरक्षाविषयक दुरुस्त्या साधारणपणे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होतात. अपग्रेड म्हणजे मूळ आवृत्तीच बदलणे, उदाहरणार्थ विंडोज ७ वरून विंडोज १० वर जाणे. अपडेट टाळण्यात सहसा लाभ नसतो. अपग्रेड मात्र विचारपूर्वक करण्याची गोष्ट आहे, कारण त्यामुळे प्रोग्रॅम, मुद्रक, स्कॅनर आणि टंकलेखनाची साधने यांच्यावर परिणाम होऊ शकतो.

आवृत्तीबदल दोन प्रकारे करता येतो. पहिल्या प्रकारात प्रोग्रॅम व फायली तशाच ठेवून नवी आवृत्ती जुनीची जागा घेते. दुसऱ्या प्रकारात डिस्क पुसून कार्यप्रणाली नव्याने बसवली जाते. पहिला प्रकार सोयीचा आहे. दुसऱ्यात जुने दोष मागे राहत नाहीत, परंतु प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा बसवावा लागतो.

साहाय्याची मुदत

कार्यप्रणालीत सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी निर्माती कंपनी ठरावीक काळापर्यंतच दुरुस्त करते. विंडोजच्या काही प्रमुख आवृत्त्यांचे प्रकाशन आणि साहाय्यसमाप्ती यांचे दिनांक पुढीलप्रमाणे आहेत:

विंडोज एक्सपी: २५ ऑक्टोबर २००१ ते ८ एप्रिल २०१४
विंडोज व्हिस्टा: ३० जानेवारी २००७ ते ११ एप्रिल २०१७
विंडोज ७: २२ ऑक्टोबर २००९ ते १४ जानेवारी २०२०
विंडोज ८.१: १७ ऑक्टोबर २०१३ ते १० जानेवारी २०२३
विंडोज १०: २९ जुलै २०१५ ते १४ ऑक्टोबर २०२५

विंडोज ११ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रकाशित झाली. तिच्या वार्षिक उपआवृत्त्यांना घरगुती संगणकासाठी प्रत्येकी २४ महिने साहाय्य मिळते. त्यामुळे विंडोज ११ वर गेल्यानंतरही हा विषय कायमचा मिटत नाही. उपआवृत्त्या वेळोवेळी बदलत राहाव्या लागतात.

ॲपल कंपनीने २०१३ मधील ‘मॅव्हरिक्स’ आवृत्तीपासून मॅक संगणकांचा आवृत्तीबदल मोफत केला. तथापि ही कंपनी मॅकओएसच्या साहाय्यसमाप्तीचे दिनांक आगाऊ जाहीर करत नाही. सर्वसाधारणपणे चालू आणि तिच्या आधीच्या दोन आवृत्त्यांना सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळत आल्या आहेत.

साहाय्य संपल्यानंतरचा धोका

साहाय्य संपल्यावर धोका एकाएकी निर्माण होत नाही. तो साचत जातो. नव्या आवृत्तीत एखादी त्रुटी दुरुस्त केली जाते, तेव्हा त्या दुरुस्तीचा अभ्यास करून मूळ त्रुटी कोणती होती हे शोधता येते. तीच त्रुटी जुन्या आवृत्तीतही असेल, तर तिथे ती उघडीच राहते. अशा रीतीने नव्या आवृत्तीची प्रत्येक दुरुस्ती जुन्या आवृत्तीवरील हल्ल्याला वाट दाखवू शकते.

१२ मे २०१७ रोजी पसरलेला ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू याचे परिचित उदाहरण आहे. तो विंडोजमधील फायली सामायिक करण्याच्या सेवेतील त्रुटीचा वापर करत असे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच साहाय्य चालू असलेल्या आवृत्त्यांसाठी ती त्रुटी दुरुस्त केली होती. इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या अनेक रुग्णालयांना या हल्ल्यामुळे रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टने साहाय्य संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती प्रसिद्ध केली. मात्र बाधित संगणकांपैकी बहुसंख्य एक्सपीवर नव्हे, तर विंडोज ७ वर चालणारे होते. त्या आवृत्तीचे साहाय्य तेव्हा चालू होते, परंतु उपलब्ध असलेली दुरुस्ती त्या संगणकांवर बसवलेली नव्हती. म्हणजेच नवी आवृत्ती असणे पुरेसे नसून तिचे अपडेट नियमित बसवणेही आवश्यक असते.

घरगुती संगणकावर बँकेचे व्यवहार, प्राप्तिकर विवरणपत्र, कौटुंबिक छायाचित्रे आणि ओळखपत्रांच्या प्रती असतात. आंतरजालाशी कधीही न जोडला जाणारा, केवळ लेखन वा संगीत यांसाठी वापरला जाणारा संगणक जुन्या आवृत्तीवर ठेवण्यात धोका बराच कमी असतो. मात्र अशा संगणकालाही पेनड्राइव्हमार्फत विषाणूची बाधा होऊ शकते.

यंत्रसामग्रीच्या अटी

विंडोज ७ व ८.१ वरून विंडोज १० वर जाताना बहुतेक जुने संगणक पात्र ठरत होते. विंडोज ११ च्या अटी मात्र अधिक कडक आहेत. किमान अटी अशा आहेत:

१ गिगाहर्ट्झ किंवा अधिक वेगाचा, किमान दोन गाभे असलेला, ६४ बिटी व मान्य यादीतील प्रोसेसर
४ जीबी रॅम
६४ जीबी साठवण क्षमता
‘सिक्युअर बूट’ची सोय असलेले यूईएफआय फर्मवेअर
टीपीएम (ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल) २.०

यांपैकी प्रोसेसर आणि टीपीएम या दोन अटींमुळे अनेक संगणक अपात्र ठरतात. इंटेलचे सामान्यतः आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीचे रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर मान्य आहेत. टीपीएम ही संकेतलेखनाच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारी सोय आहे. अनेक संगणकांत ती असूनही बायोसच्या मांडणीत बंद ठेवलेली असते. त्यामुळे ‘अपात्र’ असा संदेश आल्यास प्रथम ही सोय तपासणे उचित ठरते. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा मोफत प्रोग्रॅम संगणक कोणत्या अटीवर अडतो ते दाखवतो.

अटी टाळून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. परंतु अशा संगणकांना पुढील अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. सुरक्षेसाठी केलेल्या आवृत्तीबदलाचा हेतूच त्यामुळे विफल होऊ शकतो.

किमान अट पूर्ण होणे आणि संगणक सुसह्य वेगाने चालणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्डडिस्क असलेल्या संगणकावर विंडोज ११ संथ चालते. पात्र संगणकात रॅम वाढवणे आणि हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा नवा संगणक घेण्यापेक्षा कमी खर्चाचा उपाय आहे.

प्रोग्रॅम व उपकरणांची सुसंगतता

विंडोज ११ ची ३२ बिटी आवृत्ती नाही. ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. त्यामुळे डॉस काळातील हिशेबाचे प्रोग्रॅम आणि विंडोज ३.१ साठी लिहिलेली सॉफ्टवेअरे ३२ बिटी विंडोज १० वर चालत असली, तरी विंडोज ११ वर तशीच चालणार नाहीत. जुने मुद्रक व स्कॅनर यांच्यासाठी निर्मात्याने ६४ बिटी ड्रायव्हर उपलब्ध केला आहे का, हेही आधी पाहावे लागते. मॅक संगणकांवर अशीच स्थिती २०१९ मधील ‘कॅटालिना’ आवृत्तीच्या वेळी उद्भवली. त्या आवृत्तीपासून ३२ बिटी प्रोग्रॅम चालणे बंद झाले.

मराठी टंकलेखन

मराठी वापरकर्त्यांना आवृत्तीबदलाचे लाभ आणि अडचणी दोन्ही अनुभवास आल्या आहेत. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीची सोय आणि ‘मंगल’ हा टंक समाविष्ट झाला. विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसण्यासाठी जटिल लिप्यांची सोय वेगळी सुरू करावी लागे. व्हिस्टापासून ती मुळातच सुरू असते. मे २०१९ मधील विंडोज १० च्या अपडेटमध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी उच्चाराधारित कळपाट उपलब्ध झाले. त्यामुळे इनस्क्रिप्ट कळपाट न शिकलेल्यांनाही वेगळे सॉफ्टवेअर न घेता मराठी लिहिणे शक्य झाले.

युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर आवृत्ती बदलली तरी वाचता येतो. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर मात्र त्या विशिष्ट टंकावर अवलंबून असतो. तो टंक नसल्यास पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. अशा टंकांचे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर न चालल्यास वर्षानुवर्षांचे लेखन, वंशावळी, संस्थांची इतिवृत्ते किंवा हस्तलिखितांच्या प्रती अवाचनीय होण्याचा धोका असतो. यासाठी जुना संगणक चालू असतानाच असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, त्याची मुद्रित किंवा पीडीएफ प्रत काढणे आणि मूळ टंकाची फाइल जपून ठेवणे महत्त्वाचे असते. जोडाक्षरे आणि रफार यांच्या रूपांतरात चुका राहू शकत असल्याने रूपांतरित मजकूर मुळाशी ताडून पाहणे आवश्यक असते.

घाई आणि विलंब

नवी आवृत्ती प्रसिद्ध होताच ती बसवण्यातही जोखीम असते. विंडोज १० चे ऑक्टोबर २०१८ चे मोठे अपडेट २ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसिद्ध झाले. काही वापरकर्त्यांच्या व्यक्तिगत फायली त्यामुळे नाहीशा झाल्याच्या तक्रारी आल्याने काही दिवसांतच ते थांबवण्यात आले आणि दुरुस्तीनंतर १३ नोव्हेंबर २०१८ रोजी पुन्हा उपलब्ध झाले. जुन्या आवृत्तीचे साहाय्य चालू असेपर्यंत काही महिने थांबणे म्हणूनच वावगे नाही. साहाय्य संपल्यानंतर मात्र हे गणित उलटते: तेव्हा थांबण्याने सुरक्षितता वाढत नाही, कमी होत जाते.

पूर्वतयारी व माघार

आवृत्तीबदलापूर्वी सर्व व्यक्तिगत फायलींची प्रत संगणकाबाहेर, म्हणजे बाह्य डिस्कवर किंवा दूरस्थ साठवणीत ठेवणे ही सर्वांत महत्त्वाची पूर्वतयारी होय. ही प्रत केवळ आवृत्तीबदलापुरती उपयोगी नसते. जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. हा विषाणू मूळ एका युक्रेनी लेखा सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला होता आणि चोरलेले परवलीचे शब्द वापरून तो सर्व दुरुस्त्या बसवलेल्या संगणकांतही शिरत असे. अशा प्रसंगी संगणकापासून अलग ठेवलेली प्रत हाच आधार उरतो.

विंडोज ११ वर गेल्यानंतर साधारण १० दिवसांपर्यंत पूर्वीच्या आवृत्तीवर परतता येते. त्यानंतर जुन्या आवृत्तीच्या फायली आपोआप काढल्या जातात. म्हणून मुद्रक, स्कॅनर, मराठी टंकलेखन आणि नेहमीचे प्रोग्रॅम यांची तपासणी या मुदतीतच करणे आवश्यक ठरते. काही संगणकांवर डिस्कचे संकेतलेखन आपोआप सुरू असते. त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली लिहून ठेवलेली नसल्यास, बिघाडाच्या वेळी स्वतःचीच माहिती वापरकर्त्याला उघडता येत नाही.

अन्य पर्याय

विंडोज १० वरच राहू इच्छिणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा योजना जाहीर केली. ३० अमेरिकी डॉलर शुल्क भरून, कंपनीच्या बक्षीस योजनेतील १,००० गुण वापरून किंवा संगणकाची मांडणी मायक्रोसॉफ्ट खात्याशी जुळवून तिच्यात सहभागी होता येते. या योजनेत फक्त सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळतात. नव्या सोयी मिळत नाहीत.

अपात्र संगणकासाठी लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली हा दुसरा पर्याय आहे. उबुंटूची दीर्घकालीन साहाय्य असलेली आवृत्ती दर दोन वर्षांनी प्रसिद्ध होते आणि तिला पाच वर्षे मोफत साहाय्य मिळते. भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स कार्यप्रणाली विकसित केली आहे. अनेक लिनक्स प्रणाली संगणकावर न बसवता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. त्यामुळे ध्वनी, वाय-फाय व मुद्रक चालतात का, याची खात्री आधीच करता येते. विंडोजसाठीचे प्रोग्रॅम मात्र तिथे थेट चालत नाहीत. मुख्यतः ब्राउझरच वापरणाऱ्यांसाठी गुगलची क्रोम ओएस फ्लेक्स ही मोफत प्रणालीही उपलब्ध आहे.

पर्यावरणीय बाजू

चालू स्थितीतील संगणक केवळ कार्यप्रणालीच्या अटींमुळे टाकून द्यावे लागणे, यावर टीका झाली आहे. विंडोज १० चे साहाय्य संपल्यामुळे सुमारे २४ कोटी संगणक ई-कचऱ्यात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये वर्तवला होता. भारतात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून, वापर संपलेल्या उपकरणांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. संगणक दुसऱ्याला देण्यापूर्वी किंवा पुनर्चक्रणासाठी पाठवण्यापूर्वी त्यातील डिस्क पूर्णपणे पुसणे आवश्यक असते, कारण केवळ फायली काढून टाकल्याने माहिती नष्ट होत नाही.

हेही पहा

संगणक कार्यप्रणाली
विंडोज १०
विंडोज ११
लिनक्स
युनिकोड
संगणक विषाणू
ई-कचरा