मज्जारोपण आणि पथ्यपाणी

औषध वैद्याचें आणि पथ्य घरचें, अशी विभागणी मराठी कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. पथ्य औषधाची जागा घेत नाहीं, पण औषधाला वाव देतें, हा त्यामागील अनुभव होय. मूलपेशींच्या उपचाराचा इतिहास पाहिला तर तेथेंहि हीच गोष्ट दिसते. मात्र तेथील खरें पथ्य कोणतें, हें उमगावयास बराच काळ जावा लागला.

मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, हाडांच्या मज्जेंत असतात. रक्तांतील तांबड्या व पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका त्यांच्यापासून उत्पन्न होतात. ल्युकेमियासारख्या रोगांत जालीम औषधांनीं किंवा किरणांनीं बिघडलेली मज्जा नष्ट करावयाची आणि निरोगी मूलपेशी शिरेवाटे शरीरांत सोडावयाच्या, अशी ही योजना. अमेरिकेंतील डॉ. एडवर्ड डॉनल थॉमस यांनीं १९५७ सालीं ज्या सहा रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यांतील एकहि वांचला नाहीं. तरीहि त्यांनीं हें काम सोडलें नाहीं. १९८३ सालीं मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. सुरेश अडवानी यांनीं एका नऊ वर्षांच्या मुलीवर मज्जारोपण केलें. भारतांतील तें पहिलें मानलें जातें. १९९० सालीं थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

लावणी केलेलें भाताचें रोप जीव धरीपर्यंत जसें नाजूक असतें, तशीच ही नवी मज्जा. ती रुजावयास दोन ते चार आठवडे लागतात आणि तेवढे दिवस रोग्याच्या रक्तांत पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. साधा जंतूहि अशा वेळीं प्राणावर बेततो. म्हणून कडक सोंवळें आलें: गाळलेल्या हवेची बंद खोली, शिजवलेलें अन्न, कच्चीं फळें वर्ज्य, आणि सक्त विश्रांति.

यांतील विश्रांतीचा हिशेब प्रथम चुकला. १९६६ सालीं अमेरिकेंतील डल्लस येथें पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवलें, तेव्हां त्यांची श्रमशक्ति चौथ्या हिश्शाहून अधिक घटली. मग आजाऱ्याची काय कथा? जर्मनींतील डॉ. फर्नांडो डिमेओ व त्यांचे सहकारी यांनीं स्वतःच्याच मूलपेशी परत दिलेल्या ७० रोग्यांची पाहणी १९९७ सालीं प्रसिद्ध केली. त्यांपैकीं ३३ जण रोज अर्धा तास अंथरुणावर पडल्या पडल्याच सायकलीचे पायटे फिरवीत होते. त्यांची शक्ति कमी घटली, रक्ताच्या पेशी लवकर सांवरल्या, आणि ते इतरांच्या आधीं घरीं गेले.

अन्नाचें सोंवळेंहि पुढें सैल झालें. चार शहरांतील रुग्णालयांच्या २०२० सालच्या पाहणींत असें आढळलें कीं, ज्यांच्या आंतड्यांतील जंतूंची विविधता कमी होते, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण अधिक असतें. इटलींतील २०२३ सालच्या तुलनेंत, स्वच्छ हाताळलेला नेहमींचा आहार घेणाऱ्यांस कडक पथ्यवाल्यांपेक्षां अधिक जंतुसंसर्ग झाला नाहीं.

म्हणून येथील पथ्य साधेंच ठरतें: हात व तोंड स्वच्छ ठेवणें, झेपेल तेवढें चालणें, पोटभर ताजें अन्न, तंबाखूचा त्याग, आणि औषधें वेळच्या वेळीं. त्याची मात्रा रोग्याचा डॉक्टरच ठरवील. मात्र पथ्यानें मूलपेशी रुजतात असें कोणी सांगूं लागल्यास सावध राहावें. आणि सिद्ध न झालेला उपचार कितीहि पथ्य पाळलें तरी सिद्ध होत नाहीं. पथ्याचें काम एवढेंच कीं, रोप जीव धरीपर्यंत जमिनींत ओल राहावी.