आलेखावरून समीकरणाची उकल

समीकरण सोडविणे म्हणजे सूत्रात किमती घालणे, अशी अनेकांची समजूत असते. परंतु सूत्रांची धाव मर्यादित आहे. पाचव्या किंवा त्याहून मोठ्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणासाठी केवळ चार मूलभूत क्रिया आणि वर्गमूळ, घनमूळ यांसारखी मुळे वापरणारे सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेचा गणिती आबेल याने १८२४ मध्ये सिद्ध केले. अशा वेळी आलेख मदतीस येतो.

समीकरणाच्या दोन बाजू ही दोन फले मानून त्यांचे आलेख एकाच अक्षांवर काढावेत. ते जेथे परस्परांना छेदतात, तेथील क्ष-निर्देशक ही समीकरणाची वास्तव मुळे होत. ही कल्पना जुनी आहे. रुबायांमुळे परिचित असलेल्या उमर खय्यामने अकराव्या शतकात घनसमीकरणे शंकुच्छेदांच्या छेदनबिंदूंवरून सोडविली होती. देकार्तची निर्देशक भूमिती त्यानंतर, १६३७ मध्ये प्रसिद्ध झाली.

उदाहरणार्थ, ‘क्षचा वर्ग = २ चा क्षवा घात’ हे समीकरण घ्या. क्ष = २ आणि क्ष = ४ ही उत्तरे अंदाजाने चटकन सापडतात व बहुतेक जण तेथेच थांबतात. आलेख काढला, की अन्वस्त आणि घातांकी वक्र डावीकडेही एकदा छेदताना दिसतात. क्ष = -०.८ असता वर्ग ०.६४ व घात सुमारे ०.५७, तर क्ष = -०.७ असता अनुक्रमे ०.४९ व ०.६२. म्हणजे या दोहोंच्या दरम्यान तिसरे मूळ आहे. त्याची किंमत सुमारे -०.७६७ येते.

मात्र आलेखावर आंधळा विश्वास ठेवू नये. २ ते ४ या टप्प्यात वरील दोन वक्रांतील उभे अंतर जेमतेम १ एवढेच असते. प्रमाण लहान घेतल्यास ते एकच भासतात. कागदाच्या कडेपलीकडे राहिलेले मूळ तर दिसतच नाही. म्हणून आलेखावरून मुळांची संख्या व जागा हेरावी, किंमत मूळ समीकरणात घालून पडताळावी आणि टप्पा लहान करीत हवी तेवढी अचूकता साधावी. चित्रातील छेदनबिंदू हा पुरावा नव्हे, कोठे शोधायचे याची ती खूण आहे.